अध्यक्ष व्हायचंय? शाळेत यायची गरज नाही

परवा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा होती. शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षांची मुदत संपली, नवी निवडायची म्हणून. सभा अकराची. मी थोडी लवकरच पोचले, तर रजिस्टरमध्ये अध्यक्ष म्हणून जुन्याच दादांचं नाव, पुढे ‘सर्वानुमते बिनविरोध’ लिहून झालेलं. सूचकाचं नाव होतं, अनुमोदकाचं होतं. अनुमोदक अजून घरी अंघोळ करत होते. मुख्याध्यापकांनी पेन पुढे केलं, ‘‘ताई, एवढी सही करा तेवढी.’’ सभा सुरू व्हायच्या आधीच संपलेली बघून मला समितीच्या अध्यक्षपदाची सगळी गुरुकिल्लीच मिळाली. इच्छुकांनी ती फुकटात घ्यावी.

पहिला प्रश्न मुलाचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत 75 टक्के पालक लागतात आणि अध्यक्षही पालकांमधलाच. तुमची स्वतःची मुलं पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जात असतील तर गांगरून जाऊ नका. भावाच्या पोराचं नाव पहिलीत घाला आणि त्याचे पालक व्हा. भावाला रानातून सवड नसतेच. व्हॅन शाळेच्या फाटकासमोरूनच जाते, तेवढा वेळ झेंड्याच्या खांबाकडे बघत राहायचं.

निवड शाळेत होते हा गैरसमज काढून टाका. ती आदल्या रात्री होते. कुठं होते ते सांगायला नको.

निम्म्या जागा बायकांना द्याव्या लागतात. द्या की! नावं बायकांची, खुर्च्यांवर नवरे. माझ्या शेजारणीला आपण गेली दोन वर्षं सदस्य होतो हे परवा कळलं.

शाळा विकास आराखडा मागितला तर जुनाच काढा आणि साल बदला.

पोषण आहाराची खिचडी चाखताना फोटो काढून घ्या. गिळलीच पाहिजे असा नियम नाही.

‘मास्तर शिकवत नाहीत’ हे दर चार वाक्यांनी म्हणत चला. दोन शिक्षकांत सात वर्ग आहेत, त्यातले एक मतदार यादी घेऊन गल्लोगल्ली फिरतायत आणि दुसरे ऑनलाइन माहिती भरायला रेंज शोधत गच्चीवर उभे आहेत, यावर अवाक्षर काढू नका. वरच्या साहेबांना वाईट वाटेल.

आता खरी विद्या. सही.

शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान येतं, पटावर. 30 पर्यंत पट असेल तर 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. खडू, रजिस्टरं, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच, आणि किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. ही रक्कम हलवायची तर मुख्याध्यापकांच्या जोडीला अध्यक्षांची सही लागते. म्हणजे बघा, अख्ख्या शाळेचं नाक तुमच्या हातात. ते लगेच सोडायचं नसतं. मुख्याध्यापकांना कागद घेऊन मोटारसायकलवर घरी येऊ द्या. घरच्यांनी सांगायचं, ‘‘दादा मळ्यात गेलेत.’’ मळ्यात यावं तर दादा तालुक्याला. तालुक्याहून आले की दादांचं डोकं दुखतंय. पन्नाशीचा माणूस, पाठीला सॅक, सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कागद, आणि टपरीवर ताटकळत तिसरा चहा. एवढं केलंत की गावाला कळतं अध्यक्ष कोण आहे.

आमच्याकडे जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. निमंत्रणपत्रिकेत अध्यक्षांचं नाव सरपंचांच्या खाली छापलं गेलं. झालं! मुलींच्या स्वच्छतागृहाची मोटर तेव्हाच जळली होती, दाराची कडी निखळून लोंबत होती, दुरुस्तीचा कागद तयार होता. दादा म्हणाले, आधी पत्रिकेचं काय ते बोला. मुख्याध्यापकांनी हात जोडले. दादांनी फेब्रुवारी काढला. मार्चही काढला. 31 मार्चला न खर्चलेला निधी परत गेला. गेला तो गेला. पत्रिका कुणाच्या लक्षात नाही, मोटर अजून जळकी आहे.

याच माणसानं 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालून मुलींच्या शिक्षणावर भाषण ठोकलं होतं. मुली उन्हात बसून ऐकत होत्या. फोटोमागच्या भिंतीच्या पलीकडेच ते स्वच्छतागृह.

तिथं काय चालतं ते बघायला कधी गेलात? सहावी-सातवीच्या पोरी मधल्या सुट्टीत तिघी-तिघींनी जातात. एक आत, एक बाहेरून दार ओढून धरणार, एक मुलांना हाकलणार. हौदातलं पाणी बादलीनं न्यायचं, हौदात असेल तर. बाकीच्या जातच नाहीत. सकाळपासून पाणी पीत नाहीत. माझी लेक बाटली भरून नेते आणि तशीच भरलेली परत आणते, मे महिन्याच्या तोंडावर, पत्र्याच्या वर्गात बसून. काही जणी महिन्यातले चार दिवस येतच नाहीत. हजेरीपटावर ‘गैरहजर’ पडतं, आणि तुम्ही सभेत विचारता, ‘‘हजेरी का घसरतेय, गुरुजी?’’

जाऊ दे, नको ते मार्गदर्शन. दादा, सरळच बोलते. लाज नाही वाटत? कडी केवढ्याची येते? तुमच्या निवडीच्या फ्लेक्सला त्याच्या कितीतरी पट गेले असतील. त्यावर बावीस चेहरे आहेत, एकाचंही पोर या शाळेत नाही. पोरींनी लघवी दाबून गणितं सोडवायची आणि तुम्ही मानापमान धरून बसायचं? कुणाच्या जिवावर?

आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. महिन्याला सभा असते. वाचल्याशिवाय सही करू नका, जमाखर्च मागा, बायकांच्या जागेवर बायकांना बसू द्या. ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणता ना? पोर तुमचंच आहे तिथं.

यंदाचं अनुदान आलं की कागद पुन्हा तुमच्या दारात येईल, दादा. त्याच दिवशी सही करा. पत्रिकेत तुमचं नाव सरपंचांच्या वर छापू, पाहिजे तर वरच्या गणपतीच्याही वर छापू. पण सही करा.