पुन्हा आपलं ते कॅलिब्रेशन, म्हणजे टीव्ही गेमच्या बंदुकीचा नेम पडद्याशी जुळवणं!

रविवारी दुपारी चार झाँबी मारावेत, एवढीच माफक इच्छा. पण नाही! आधी टीव्हीच्या दोन्ही बाजूंना इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे) दिवे चिकटवा, त्यांच्या वायरी लपवा, मग पडद्यावरच्या मधल्या खुणेवर गोळी झाडा, मग कोपऱ्यांवर. झालं? छे! सोफ्यावर जरा मागे रेललं की नेम गेला. खिडकीतून ऊन आलं, नेम गेला. ऊन आणि पिवळे बल्बसुद्धा इन्फ्रारेड फेकतात, आणि त्या दिव्यांवरून नेम ओळखणाऱ्या बंदुकीतल्या कॅमेऱ्याला सगळे सारखेच! काचेच्या टीपॉयवर पडलेलं प्रतिबिंबही त्याला दिवाच वाटतं. म्हणजे आता पडदे लावून अंधारात बसायचं.

नव्वदच्या दशकातल्या त्या स्वस्त टीव्ही गेमची बंदूक आठवते? ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन, बंदुकीला तो उजेड दिसला की बदक खाली. कॅलिब्रेशन वगैरे काही नाही. अर्थात ती चालायची फक्त जुन्या डबा टीव्हीवर, आणि तो आम्ही कधीच भंगारात दिला.

आत्ता कुठे नेम जुळला, तर पुतण्या म्हणतो, "काका, मी खाली बसून खेळणार, परत सेट करा ना!"