आगळ पिऊन ब्लॉकेज विरघळत नाहीत हो!

भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा तो मेसेज डिचोलीच्या आत्येपर्यंत पोचला आणि तिने कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो, म्हातारपणी हृदय आणि रक्तवाहिन्या बिघडतात त्या ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’मुळे. रोज अर्धी वाटी आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, आणि व्हिटॅमिन ईची कॅप्सूल घ्या, ब्लॉकेज विरघळतील, गोळ्या सोडा. डॉक्टर हे मुद्दाम लपवतात म्हणे.

सुरुवातीत तथ्य आहे, नाही कशाला म्हणू! वयाबरोबर पेशींत ऑक्सिजनपासून बनणारे सुपरऑक्साइडसारखे उपद्रवी रेणू वाढतात, हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड ते निकामी करतात, मग वाहिन्या ताठरतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तेही ऑक्सिडाइज होऊन वाहिन्यांच्या भिंतीत साचतं.

पण अर्धी वाटी आगळ? ते वर्षभर टिकतं कशावर? मिठावर! जुन्या बाटलीच्या तळाशी बोट घालून बघा, मीठच लागेल. सोलकढीच्या पातेल्यात चार चमचे पडतात म्हणून चालतं. आत्येला बीपी आहे. तिला रोज वाटीतून मीठ पाजायचं आणि वर गोळी काढून घ्यायची, याला उपचार म्हणायचं?

कॅप्सूलचा निकाल तर 2002 मध्येच लागलाय. ब्रिटनमधल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त 20,536 लोक होते, सगळे हृदयविकाराचा धोका जास्त असलेले. काहींना रोज व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा कॅरोटीन दिलं, काहींना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. पाच वर्षं. रक्तातलं व्हिटॅमिन ई वाढलं, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. गंमत म्हणजे याच लोकांवर कोलेस्टेरॉलची गोळीही तपासली होती, सिम्व्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन. तिने हार्ट अटॅक आणि पक्षाघात सुमारे चतुर्थांशाने घटवले. म्हणजे मेसेज जी सोडायला सांगतो ती लागू पडली, जी घ्यायला सांगतो ती नाही.

‘लपवतात’चं काय? या चाचणीला स्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीने पैसा दिला होता, तसा व्हिटॅमिनवाल्या कंपनीनेही. निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उघड छापलाय.

गोळीने अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा गोळी बदलून देतात. आणि मेसेज पाठवणारे भाऊ, आरतीनंतर तुम्ही स्वतः बीपीची गोळी घेता, ते सगळं मंडळ बघतं.