एक ग्लास, एक बेडूक आणि उरलेला दिवस

थीम पार्कच्या गेटवर बॅग तपासणारा माणूस आपल्याकडे ज्या नजरेने बघतो ना, त्या नजरेने दहावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांनी पण माझ्याकडे बघितलं नव्हतं. बायकोच्या पर्समधून पाण्याची बाटली निघाली तर ती त्याने दोन बोटांत धरून अशी वर केली की मागच्या रांगेला वाटलं असेल आता पोलीस येणार. "बाहेरचं अलाऊड नाही." बास. या नाही, बसा नाही, निदान हसा पण नाही. बाटली बाजूच्या डब्यात गेली. दिवसभरात दिसलेला तो पहिला आणि शेवटचा रिकामा डबा होता, हे तेव्हाच कळलं असतं तर मी त्याला डोळे भरून बघून घेतलं असतं.

बाटली गेली म्हणजे तहान लागणारच, त्यासाठीच तर ती काढून घेतात. आतल्या पहिल्याच स्टॉलवर मी एक भलामोठा कागदी ग्लास घेतला, गुलाबी रंगाचं थंडगार कायतरी, झाकण ग्लासाला बसत नव्हतं आणि स्टॉलवालीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, ती मोबाईलमध्ये बघत "नेक्स्ट" म्हणाली. माझ्यामागे कोणीच नव्हतं. दहा मिनिटांत ते पिऊन संपलं आणि हातात राहिला तो ग्लास. रिकामा, चिकट. तिथून माझी खरी सहल सुरू झाली.

आमच्याबरोबर मेव्हणा होता. मेव्हणा सहा वर्षांपूर्वी एकदा डिस्नेला जाऊन आला, आठ दिवसांसाठी गेला होता पण अजून पूर्णपणे परत आलेला नाही. मी डबा शोधायला मान वळवली तेवढ्यात त्याने सुरू केलं, "दाजी, डिस्नेत ना, तुम्ही जिथे उभे असाल तिथून थोडी पावलं टाकली की डबा." म्हणे खुद्द वॉल्ट डिस्नेने लोक कचरा हातात धरून किती चालतात आणि मग कंटाळून खाली टाकतात हे बघून डबे लावायला सांगितले, साधारण दर तीस फुटांवर एक. आणि तिथे च्युइंगगमच विकत नाहीत, म्हणजे बाकाखाली चिकटवायचा प्रश्नच मिटला. आणि फ्लोरिडातलं जे १९७१ मध्ये सुरू झालं, त्याच्या खाली म्हणे बोगदे आहेत, कचरा पाइपातून हवेने ओढून नेतात, वर कोणाला दिसतच नाही. मी माझ्या ग्लासाकडे बघितलं. ओढून न्यायला हवा तर सोडाच, आमच्याकडे वारा पण पडला होता.

एका पोराला विचारलं, पाठीवर "मे आय हेल्प यू" छापलेला टीशर्ट होता. "अरे डबा कुठेय?" त्याने हनुवटी उचलली. फक्त हनुवटी. ती नेमकी झोपाळ्याकडे होती की प्रसाधनगृहाकडे की सूर्याकडे हे त्याचं त्याला माहीत. मेव्हणा लगेच म्हणाला, तिथे एका बोटाने रस्ता दाखवणं पण उद्धटपणा धरतात, दोन बोटं नाहीतर अख्खा पंजा उघडून दाखवायला शिकवतात, आणि नोकरांना नोकर नाही, कास्ट मेंबर म्हणतात. म्हणजे नाटकातली पात्रं. म्हणलं मग हा पण पात्रच आहे की.

हनुवटीच्या दिशेने गेलो तर प्रसाधनगृह. दारावर तक्ता, दर तासाला साफसफाई केल्याची सही. आम्ही गेलो तेव्हा दीड वाजला होता आणि सह्या पाच वाजेपर्यंतच्या झाल्या होत्या. इतकं कार्यक्षम खातं मी आयुष्यात बघितलं नाही, काम व्हायच्या साडेतीन तास आधी पूर्ण! आतलं वर्णन करत नाही, तुम्ही कदाचित जेवताना वाचत असाल. एवढंच सांगतो की मी एका पायावर उभं राहून, खांद्याने दार लावून, एक हात हवेत ठेवून सगळं उरकलं आणि त्या हातात ग्लास होता. डबा? होता ना. त्याच्यावर कोणीतरी ओली चड्डी वाळत घातली होती.

मग पाण्याचा विभाग. बायको काठावर उभी राहून खोल श्वास घेत म्हणाली, "बघा, कसा क्लोरिनचा वास येतोय, इथे तरी स्वच्छता आहे." आता मेव्हण्याने गप्प बसायला हवं होतं. पण तो म्हणाला, ताई, नुसत्या क्लोरिनला एवढा उग्र वास नसतोच, पाण्यातला क्लोरिन लोकांच्या घामाशी आणि (इथे त्याने आवाज खाली आणला) लघवीशी मिसळला की क्लोरामाइन नावाचं प्रकरण तयार होतं, हा वास त्याचा, डोळे चुरचुरतात ते पण त्यानेच. म्हणजे जितका वास जास्त तितकं पाणी बिघडलेलं. बायको तीन पावलं मागे आली. आजूबाजूचे दोनचार जण पण हळूच बाहेर निघाले. आमचे चिरंजीव तेवढे पाण्यात मधोमध उभे होते, चेहऱ्यावर कमालीची शांती.

"बाहेर ये!" मी ओरडलो. जीवरक्षकाने माझ्याकडे बघून शिट्टी मारली. काठावर ग्लास घेऊन उभं राहायला परवानगी नाही म्हणे. म्हणलं डबा दाखव, आत्ता टाकतो. त्याने परत शिट्टी मारली. बहुतेक तीच एक भाषा त्याला येत असावी.

मोठ्या पाळण्यापाशी रांगेत पाऊण तास. तिथला पोरगा एका सुरात, मध्ये श्वास न घेता म्हणत होता, हातआतठेवा पायआतठेवा मोबाईलखिशातठेवा, आणि दर वेळी कोणाकडेही न बघता दांडा खसकन ओढून बघायचा. आधी मला राग आला. मग मोजलं, पाऊण तासात त्याने ते अकरा वेळा म्हणलं आणि त्यातल्या दर खेपेला कोणीतरी विचारलंच, "दादा, पडणार नाही ना?" मला घरी एकदा विचारतात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, मी तेवढ्यावर भडकतो. असो. आमचा नंबर आला आणि वरच्या पाळण्यात कोणाला तरी उलटी झाली. लाऊडस्पीकर म्हणाला, तांत्रिक कारणास्तव राइड थोडा वेळ बंद. मेव्हणा म्हणाला अमेरिकेत पार्कवाले आपापसात उलटीला प्रोटीन स्पिल म्हणतात. मला त्या क्षणी मेव्हण्याचाच काहीतरी तांत्रिक बिघाड करावासा वाटला.

शेवटी मी पण थोडं वाचलेलं बाहेर काढलं. म्हणलं ऐक, तुझं ते डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं ना, त्या दिवशी काय झालं माहितीये? खोट्या पासांवर हजारो लोक घुसले, नवं डांबर उन्हाने मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास यातलं एकच काहीतरी वेळेत होणार होतं, तर वॉल्टसाहेबांनी संडास निवडले. मेव्हणा जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "पण संडास चालू होते ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मग तो दिसला. बेडूक! हिरवागार, माणसाएवढा, तोंड उघडून बसलेला कचऱ्याचा डबा. मेव्हणा म्हणाला नेदरलँड्सच्या एफ्टेलिंग नावाच्या पार्कमध्ये १९५९ पासून असलाच एक जाड्या आहे, तोंड उघडून "कागद इकडे" असं डचमध्ये बोलतो आणि कागद टाकला की आत ओढून घेतो, पोरं दुसऱ्यांचा कचरा गोळा करून त्याला भरवतात. आमचा बेडूक बोलत नव्हता कारण तो गळ्यापर्यंत भरला होता, वरती डोळ्यांमध्ये पण तीन ग्लास आणि एक डायपर, बिचारा अजीर्णाने गेला असावा. मी माझा ग्लास त्याच्या नाकावर ठेवून बघितला. घसरून खाली पडला. लगेच मागून आवाज, "ओ काका! कचरा डब्यात!" दिवसभरात एकाही माणसाने माझी एवढ्या तत्परतेने दखल घेतली नव्हती. उचलला परत.

या सगळ्यात एकच बाई नीट बोलत होती, झाडूवाली, हातात लांब दांड्याची सुपली. टॉयलेट कुठे, एक्झिट कुठे, आमची मुलगी हरवली, वाघासोबत फोटो कुठे काढतात, सगळे तिलाच विचारत होते आणि ती झाडता झाडता सगळ्यांना सांगत होती. "मे आय हेल्प यू" बाजूलाच भिंतीला टेकून उभे. मेव्हण्याच्या मते हे जगभर असंच असतं, लोक सगळ्यात जास्त प्रश्न झाडूवाल्यांनाच विचारतात, म्हणून डिस्नेत त्यांना पार्कचे रस्तेसुद्धा शिकवतात. हिला कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही. मी ग्लास घेऊन तिच्यापर्यंत जाणार होतो पण तिच्याभोवती आठ माणसं आणि चिरंजीव वाघाच्या पोटात बुक्के मारत होते, वाघ आतून "ए, मार खाशील हं" म्हणत होता, तिकडे पळावं लागलं.

संध्याकाळी बाहेर पडताना एक मशीन. तीन चेहरे, हिरवा, पिवळा, लाल. त्याच्याजवळ एक मुलगी उभी आणि ती चक्क हसत होती, "सर, हिरवा दाबा ना प्लीज." आता दिवसभराचं सगळं माझ्या बोटात गोळा झालं, मी लाल दाबला. बोटावर गुलाबी चिकटा, काही झालं नाही. परत दाबला, जोरात. मशीन म्हणालं, तुमचा आनंद हाच आमचा आनंद. आणि हिरवा पेटला. मी काही बोललो नाही. हातातला ग्लास शांतपणे त्या मशीनच्या डोक्यावर ठेवला आणि चालू पडलो.

गाडीपाशी बायकोने विचारलं, "ग्लास टाकलात एकदाचा?"

"अभिप्राय म्हणून ठेवून आलो."

"आणि तो उचलणार कोण? ती सुपलीवालीच ना?"

आता हे मला सुचायला हवं होतं. पळत परत गेलो, गेटमधून आत वाकून बघितलं तर मशीनवर ग्लास नाही, खालचे गुलाबी थेंब पण पुसलेले, आणि ती बाई सुपली घेऊन चाललेली. मी धापा टाकत "अहो मावशी" एवढंच म्हणालो. तिने मागे वळून माझं तोंड बघितलं, मी कशासाठी पळत आलोय ते तिच्या लगेच लक्षात आलं, आणि अख्खा पंजा उघडून, अगदी मेव्हण्याच्या डिस्नेत दाखवतात तसा, तिने रस्ता दाखवला.

"टॉयलेट ना? सरळ जाऊन डाव्या हाताला. जा लवकर."

मी गेलो.