धुराचे यंत्र आणि त्याला न लावायचा हात

बाणेरला किंवा फर्ग्युसन रस्त्यावर आपण नवे हॉटेल काढले असेल, तर प्रथम अभिनंदन. भटारखान्यात शेगडीवरचा हूड, धूर बाहेर नेणारा डक्ट, तो ओढणारा ब्लोअर आणि धूर गिळणारे ते जाडजूड इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्रही आपण बसवले असेलच. उद्घाटनाच्या दिवशी त्याला घातलेला हार वाळून आपोआप गळून पडेपर्यंत तरी त्याला हात लावण्याचे कारण नाही.

हूडच्या तोंडाशी बॅफल फिल्टर असतात. त्यांच्या वाकवलेल्या पट्ट्यांमधून धूर वळणे घेत जातो, तेव्हा त्यातील तेलाचे थेंब पत्र्यावर आपटतात आणि खालच्या पन्हळीत उतरतात. ते रोज रात्री धुवावेत असे जाणकार सांगतात. पण जाणकारांना रात्री साडेअकरानंतर पोऱ्याला थांबवून दाखवावे लागत नाही. पन्हळ भरून वाहू लागली की तेल थेट कढईत पडते, आणि ते मुळात आपलेच असल्याने त्यास नासाडी म्हणता येणार नाही. फिल्टर पार तुंबलेच, तर काढून कोपऱ्यात उभे करावेत. हवा झकास खेचली जाते; कढईवर जाळ उसळला, तर तोही त्याच वाटेने विनाअडथळा डक्टमध्ये जातो.

इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्राकडे मात्र विशेष दुर्लक्ष द्यावे. त्यातील बारीक तारांवर उच्च दाबाची वीज असते. तिच्यामुळे धुराच्या कणांना विद्युतभार मिळतो आणि पुढच्या प्लेटा त्यांना ओढून घेतात. या प्लेटांवर मेणचट थर साचला की ठिणग्या उडून तडतड ऐकू येते. अशा वेळी प्लेटा काढून, त्यांना मानवेल अशा द्रावणात धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा बसवण्यापेक्षा यंत्राचे बटण बंद करणे सोपे. वीजही वाचते. धुण्याची हौसच असेल, तर ॲल्युमिनियमच्या त्या प्लेटा कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवाव्यात. तेलाबरोबर धातूही निघतो आणि दरवेळी धुवायला कमी उरते.

त्यापुढच्या कार्बन फिल्टरची छिद्रे तेलाने बुजली की वास तसाच बाहेर पडतो. वरच्या मजल्यावरील काकूंनी मे महिन्यात गच्चीवर घातलेल्या कुरडयांना तंदुरीचा वास लागल्याची तक्रार येईल. काकूंना अशी चव एरवी किती रुपयांना पडली असती, याचा त्या विचार करत नाहीत.

आता डक्ट. एनएफपीए 96 या अमेरिकी मानकाप्रमाणे कोळशाच्या किंवा लाकडाच्या भट्टीवरची धूरव्यवस्था दरमहा तपासावी, रात्रंदिवस चालणारी किंवा मोठ्या प्रमाणावर वोक (चिनी कढई) वापरणारी दर तीन महिन्यांनी, मध्यम वापराची सहा महिन्यांनी, आणि तेलाचा चिकटा आढळल्यास ती धातू उघडा पडेपर्यंत साफ करावी. तिकडे मिसळीचा कट करत नाहीत, त्यामुळे त्यांना वेळ असतो. आपण डक्टची तपासणीची झाकणे फॉल्स सीलिंगमागे गाडून टाकावीत आणि सफाई करणाऱ्याकडून हात पोचतो तेवढ्या भागाचे छायाचित्र घ्यावे. ब्लोअरच्या पात्यांवर चिकटा असमान साचून तो थरथरू लागल्यास भटारखान्यातील रेडिओ मोठा करावा.

राहता राहिला कायदा. महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये, आगीपासून बचावाची व्यवस्था सुस्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. दाखल्याच्या कागदावर तेलाचा डाग पडू देऊ नये. आपल्या हॉटेलात स्वच्छतेची एक तरी बाब असावी.

एवढे करूनही एखाद्या रविवारी डक्टमधल्या चिकट्याने पेट घेतलाच, तर आपल्याला गल्ल्यावर काही कळणार नाही, कारण धुराड्याचे तोंड गच्चीशी आहे. ज्वाळा प्रथम काकूंना दिसतील आणि त्या तातडीने आपल्यालाच फोन करतील. त्यांचा नंबर आपण कुरडयांच्या वेळीच ब्लॉक केलेला आहे.