‘एकदाच महागडा रेग्युलेटर घ्या, टेकपर्यंत बघायला नको’: हा सल्ला कुठे चुकतो

स्कुबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स आटोपला की व्हॉट्सअ‍ॅपवर हा सल्ला हमखास येतो: “पुढे टेक्निकल डायव्हिंग करायचंय ना? मग पहिलाच रेग्युलेटर सगळ्यात वरच्या मॉडेलचा घे. टायटॅनियम घे, गंजणार नाही. डायफ्रामच घे, पिस्टन टेकला चालत नाही. योक घे, आपल्याकडे सगळीकडे तेच असतं. सुटे भाग आयुष्यभर फुकट. एकदा पैसे टाकले की शंभर मीटरपर्यंत चिंता नाही.” (रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र; टेक म्हणजे टेक्निकल डायव्हिंग.) सांगणाऱ्याची तळमळ खरी असते. पण यातली काही वाक्यं खिशाला भारी पडतात आणि एक-दोन जिवावर बेतू शकतात, म्हणून एकेक तपासून पाहू.

“एकच चांगला रेग्युलेटर टेकपर्यंत पुरतो.”

टेकमध्ये रेग्युलेटर एक नसतोच. पाठीवरच्या जोड सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असतात, म्हणून फर्स्ट स्टेजही (सिलिंडरवर बसून दाब कमी करणारा भाग) दोन. उजवीकडच्या फर्स्ट स्टेजवर २.१ मीटरची लांब होज (हवेची नळी) आणि विंगचा, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पाठीवरच्या पिशवीचा, इन्फ्लेटर (ती फुगवायची नळी). डावीकडे गळ्यात इलॅस्टिकने अडकवलेली बॅकअप सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), तिची होज साधारण ५६ सेंटिमीटर. त्याच बाजूला प्रेशर गेज, आणि ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा सूट) असेल तर त्याचीही होज. शिवाय डेको गॅसच्या (वर येताना थांबे घेताना श्वासाला लागणाऱ्या, जास्त ऑक्सिजनच्या वायूच्या) प्रत्येक सिलिंडरला एकेक पूर्ण सेट. दोन डेको गॅस घेतले की चार फर्स्ट स्टेज झाल्या.

म्हणून पहिला रेग्युलेटर घेताना विचारायचं ते हे: अगदी असाच दुसरा आणि तिसरा मला चार-पाच वर्षांनी मिळेल का, आणि तो उघडून दुरुस्त करणारा माणूस माझ्या आवाक्यात आहे का? सगळे सेट एकाच जातीचे असले की सर्व्हिस किट एकच, हत्यारं तीच, आणि डाइव्हच्या दिवशी एखादा बिघडला तर दुसऱ्याचा भाग त्याला बसतो. सगळे पैसे एका झगमगीत मॉडेलवर घालण्यापेक्षा मधल्या फळीतला, वर्षानुवर्षं फारसा न बदललेला बॅलन्स्ड (सिलिंडर रिकामा होत गेला तरी श्वास सारखाच देणारा) सेट घ्यावा आणि पुढे त्याचीच जोडी करावी. १९७० च्या दशकातल्या स्कुबाप्रो १०९ सेकंड स्टेज आजही लोक वापरतात. पितळी बॉडी टिकली हे खरं, पण सुटे भाग मिळत राहिले म्हणून त्या चालू राहिल्या.

दुकानात फर्स्ट स्टेज हातात घेऊन पोर्ट (होज लावायची भोकं) मोजा. लो-प्रेशर किमान ४, हाय-प्रेशर २. लो-प्रेशरचा आटा ३/८ इंची आणि हाय-प्रेशरचा ७/१६ इंची असावा, म्हणजे कुठल्याही दुकानातली होज बसते. आता ती सिलिंडरवर बसेल तशी धरा आणि होज कुठे जाईल ते पाहा: खांद्यामागून सरळ खाली उतरली पाहिजे. आडवी फुटणारी होज गुहेत दोरीत अडकते. फिरणाऱ्या टरेटच्या (होज लावायच्या डोक्याच्या) टोकाला पाचवा पोर्ट असेल, जसा स्कुबाप्रोच्या एमके२५ ला असतो, तर साइडमाउंटला (सिलिंडर पाठीऐवजी बाजूला लावून डाइव्ह करताना) तो फार सोयीचा पडतो.

“टायटॅनियम घे, गंजणार नाही.”

हा सल्ला सगळ्यात धोक्याचा. टायटॅनियम हलकं असतं, गंजतही नाही, पण भरपूर ऑक्सिजनमध्ये, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. त्यामुळे टायटॅनियम फर्स्ट स्टेजला निर्माते ४० टक्क्यांपर्यंतच ऑक्सिजनची मुभा देतात. डेकोला मात्र ५० टक्के नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेली हवा) आणि शुद्ध ऑक्सिजन लागतो. म्हणजे ज्या कामासाठी ‘भविष्याचा’ विचार करून पैसे मोजले, त्याच कामाला तो सेट बाद. क्रोम चढवलेलं पितळ घ्या.

पितळ खराब होतं ते बहुतेक वेळा धुण्यातल्या चुकीने. डस्ट कॅप ओली लावली, किंवा दाब नसताना पाण्यात बुडवून सेकंड स्टेजवरचं पर्ज (हवा सोडायचं) बटण दाबलं, तर खारं पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये शिरतं. कॅप कोरडी करा, घट्ट लावा, गोड्या पाण्यात भिजत ठेवा आणि पर्जला हात लावू नका. सेकंड स्टेजला फिरवायची कळ असेल तर ठेवताना ती सैल सोडा, म्हणजे सीटवर (हवा अडवणाऱ्या मऊ गादीवर) खाच पडत नाही.

“पिस्टन टेकला चालत नाही.”

चालतो. फर्स्ट स्टेजमध्ये दाब सांभाळायला पिस्टन (सरकता दट्ट्या) किंवा डायफ्राम (लवचीक पडदा) असतो. फ्लोरिडाच्या गुहांमध्ये बॅलन्स्ड पिस्टन वर्षानुवर्षं वापरले जातात. फरक पाण्याचा आहे. पिस्टनमध्ये सुटे भाग कमी आणि हवेचा ओघ जोरदार, पण स्प्रिंगच्या खोलीत बाहेरचं पाणी येतं. १० अंशांखालच्या पाण्यात तिथे बर्फ धरून फ्री-फ्लो (हवा आपोआप सुटत राहणं) होण्याची भीती असते, आणि गढूळ पाण्यात गाळ साचतो. सील केलेल्या डायफ्राममध्ये पाणी आत येतच नाही. मालवणसारख्या गढूळ पाण्यात किंवा थंड तलावात डायफ्राम बरा. नितळ, कोमट पाण्यात दोन्ही सारखेच. टाळायचा तो अनबॅलन्स्ड पिस्टन, कारण सिलिंडर रिकामा होत जाईल तसा त्याचा श्वास जड होतो.

“योक घे, आपल्याकडे तेच असतं.”

डिन घ्या. योक व्हॉल्व्हवर बाहेरून आवळतो, डिन व्हॉल्व्हच्या आत आट्याने बसतं. डिनची ओ-रिंग (हवा गळू न देणारं रबरी कडं) आट्याच्या आत, धातूने वेढलेली राहते. योकची ओ-रिंग व्हॉल्व्हच्या तोंडावर असते. गुहेच्या किंवा जहाजाच्या छताला धडक बसली तर ती निसटू शकते. अंदमान, गोवा, मालवणकडे ११.१ लिटरचे अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर दिसतात, आणि त्यांच्या अनेक व्हॉल्व्हमधलं इन्सर्ट (योकसाठी बसवलेला आतला भाग) अ‍ॅलन कीने निघतं, मग डिन सरळ बसतं. न निघणाऱ्यासाठी बॅगेत एक अ‍ॅडॉप्टर असू द्या.

“सुटे भाग आयुष्यभर फुकट.”

फुकट असतात ते भाग, मजुरी नव्हे. तेही ठरलेल्या मुदतीत अधिकृत ठिकाणी सर्व्हिस केली तरच. एक वर्ष चुकलं की बऱ्याच योजना संपतात. तुमच्या शहरात तसं केंद्र नसेल तर पार्सलचा खर्च आणि थांबायचे आठवडे आधी मोजा.

त्यापेक्षा इन्फ्लेटर होजला लागणारं एक छोटं आयपी गेज (फर्स्ट स्टेजमधून निघणारा मधला दाब दाखवणारं) घ्या. सिलिंडर उघडा, चार-पाच वेळा पर्ज दाबा आणि सोडा. काटा त्या मॉडेलच्या आकड्यावर, बहुतेकांत ९ ते १० बारच्या दरम्यान, झटकन थांबला पाहिजे. पाच मिनिटं नजर हलवू नका. काटा ९.५ वरून १०, मग १०.५ असा सरकत राहिला तर हाय-प्रेशर सीट गेली आहे. थोड्याच वेळात सेकंड स्टेज फसफसू लागेल. असा सेट पाण्यात न्यायचा नाही, मग सर्व्हिसचा शिक्का कालचा का असेना.

“शंभर मीटरपर्यंत चिंता नाही.”

युरोपच्या ईएन २५० मानकात श्वासाची चाचणी ५० मीटरला होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोलवर श्वास जड होतो तो मुख्यतः गॅस दाट झाल्यामुळे. लिटरमागे ५.२ ग्रॅमपर्यंत घनता ठेवा, ६.२ ओलांडू नका, असा सल्ला दिला जातो. साध्या हवेने पहिला आकडा ३१ मीटरच्या आसपास गाठला जातो आणि दुसरा ३९ च्या. फुप्फुसात साचणारा कार्बन डायऑक्साइड कुठलाही महाग रेग्युलेटर बाहेर काढत नाही. तिथे हीलियमच लागतो.

असा घेतलेला पितळी डिन सेट आधी एकेरी सिलिंडरवर चालतो, मग जोड सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हवर आणि नवे सेट आले की डेकोच्या सिलिंडरवर जातो. त्या शेवटच्या बदलाआधी, निर्मात्याची परवानगी असेल तरच, तो पूर्ण उघडून ऑक्सिजनसाठी स्वच्छ करवून घ्या. ओ-रिंग आणि ग्रीस ऑक्सिजनला चालणारेच हवेत, साधं सिलिकॉन ग्रीस पेट घेऊ शकतं. मग त्यावर ठळक खूण करा. एकदा जरी तो कंप्रेसरच्या साध्या हवेच्या सिलिंडरवर लागला, तर पुन्हा स्वच्छ केल्याशिवाय ऑक्सिजनवर लावायचा नाही.