कालनिर्णयवरचा ठिपका

वडगाव शेरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली कालनिर्णय असायचं. आई त्यावर दोनच खुणा करायची. नवा सिलिंडर लावला की गोल, आणि महिन्यातून एकदा पेन्सिलचा बारीक ठिपका. त्या ठिपक्याचं विचारायचं नाही, हे कुणी न सांगता कळलं होतं. मी थोरली, म्हणून पुढचंही लक्षात आहे. ठिपका पडला की आठवड्याभराने बाबांची गादी बाहेरच्या खोलीत यायची. ‘आत उकडतंय’ म्हणायचे. डिसेंबरातसुद्धा.

या हिशेबावर आम्ही चार भावंडं झालो. चौथ्यानंतर आईने ऑपरेशन करून घेतलं, चर्चच्या लेखी ते पाप, आणि मग कित्येक महिने मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर घ्यायला सगळे उठले की ती बाकावर बसून राहायची. बाबा रांगेत जायचे.

हे आत्ता आठवायचं कारण भाचीचं लग्न. चर्चच्या विवाहपूर्व शिबिरात तिला नैसर्गिक कुटुंब नियोजनाचा तक्ता मिळाला, तिने त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि भडका उडाला. माझा भाऊ म्हणतो, ज्यांनी लग्नच केलं नाही त्यांनी आम्हाला संसार शिकवू नये. काकू म्हणते, पोरीने गोळ्या गिळून अंगाची वाट लावण्यापेक्षा हे काय वाईट? आणि देवाच्या मनात नाही ते करायचंच कशाला?

दोघंही १९६८ सालीच थांबलेत. त्या वर्षी २५ जुलैला पोप पॉल सहावे यांनी ‘हुमाने विते’ या पत्रात सांगितलं की सबळ कारण असेल तर जोडप्याने गर्भ न राहणाऱ्या दिवसांचा आधार घ्यावा, कृत्रिम साधन मात्र नको. त्याच वर्षी आपल्या सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला. तेव्हापासून आमच्याकडचा वाद ‘चालतं की नाही’ यापलीकडे गेलेला नाही.

मी चौदा वर्षं मेलबर्नला आहे, आणि गंमत म्हणजे भाचीचा तो तक्ता इथलाच. १९५३ साली इथल्या एका फादरांनी, सल्ला मागायला येणाऱ्या जोडप्यांसाठी, डॉ. जॉन बिलिंग्ज यांना गळ घातली. बिलिंग्ज मज्जासंस्थेचे डॉक्टर, म्हणजे या विषयाशी संबंध शून्य. पुढे त्यांची बायको डॉ. एव्हलिन त्यात उतरली. आईचं कालनिर्णय मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधायचं. बिलिंग्ज पद्धतीत आज काय जाणवतंय ते बघायचं. स्राव निसरडा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा झाला की बीज सुटायची वेळ जवळ आली. बीज जेमतेम दिवसभर टिकतं, पण शुक्रजंतू पाच दिवस तग धरू शकतात. सगळी सावधगिरी त्यांच्यासाठी.

माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारीण चर्चमध्ये गेलीच तर कुणाच्या लग्नाला. ती रात्री बोटात अंगठी घालून झोपते, अंगठी तापमान मोजते आणि सकाळी फोन हिरवा किंवा लाल दिवस दाखवतो. यासाठी ती दरवर्षी पैसे मोजते. लाल दिवशी ते कंडोम वापरतात, तिथे फादरांची आणि तिची वाट वेगळी होते. (भाचीच्या तक्त्यात लाल म्हणजे पाळी, आणि जपायच्या दिवसाला बाळाचं चित्र असलेला पांढरा स्टिकर! दोघींनी तक्ते बदलले तर अनर्थ.) भावाला ‘मागासलेलं’ वाटतं ते इथे आधुनिक म्हणून खपतं, हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल एक अंगठा आला.

पण इथलं कौतुकही मला पुरं पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बिलिंग्ज पद्धत पाच देशांत तपासली होती, एक केंद्र बंगळूरचं होतं. नव्वद टक्क्यांहून जास्त बायकांना खूण पहिल्याच महिन्यात ओळखता आली. तरी वर्षभरात शंभरांमागे वीसहून अधिक जणींना दिवस गेले, आणि बहुतेक वेळा कारण एकच होतं, दिवस कळूनही पाळला गेला नाही. बाईला कळलं होतं हो. त्या रात्री तिला ‘आज नको’ म्हणता आलं का, हे कुठल्या तक्त्यात भरायचं?

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात साधारण ३८ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ०.३. म्हणूनच चर्चची बंदी मला पटत नसली (दुसऱ्या मुलीनंतर मी तांबी बसवली आणि मिस्सेत रांगेतही उभी राहते), तरी तो तक्ता मी टाकून देणार नाही. नवऱ्याने थांबल्याशिवाय तो चालतच नाही. बाबा थांबायचे, गादी उचलायचे. पद्धत कच्ची निघाली, माणूस नाही. शिबिरात मात्र स्टिकर भाचीच्या हातात दिले आणि होणारा जावई, खराडीत रात्रपाळी करणारा, मागच्या खुर्चीवर पेंगत होता म्हणे.

परवा व्हिडिओ कॉलवर मी तिला बाबांच्या गादीची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. मग म्हणाली, ‘‘मावशी, चंदननगरचा फ्लॅट वन बीएचके आहे. हॉलमध्ये सासूसासरे झोपणार. हा गादी टाकणार कुठे?’’