फ्रिजचा पॉइंट आम्ही बंद का केला

काका, नमस्कार. तुमची तक्रार अशी: टेस्टरचे दिवे सगळं बरोबर दाखवत असताना आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या मुलाने स्वयंपाकघरातल्या प्लेटी उघडल्या, फ्रिजचा पॉइंट बंद करून गेला, दूध नासलं, वर ६०० रुपये घेतले. आणि शेजारच्या मुलाने तोच पॉइंट पाच मिनिटांत चालू करून दिला.

आधी दुधाचं. चूक आमची. हॉलमधला पॉइंट चांगला होता, फ्रिज तिथे लावून द्यायचा. ‘वायर ओढावी लागेल’ एवढं पुटपुटून निघून येणं ही काही रीत नव्हे. दुधाचे पैसे बिलातून परत करतो.

प्लेट उघडल्याबद्दल मात्र माफी मागणार नाही. तो तीन दिव्यांचा टेस्टर मीही दुकानात विकतो, पण त्याला कळतं एवढंच की कोणत्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज आहे. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट मिळाले की त्याचं समाधान. ते खऱ्या अर्थिंगमुळे मिळाले की आणखी कशामुळे, हे त्याला कळत नाही. आमच्या मुलाला शंका आली ती टेस्टरवरचं बटण दाबल्यावर. ते बटण फेजमधून थोडा करंट मुद्दाम अर्थमध्ये सोडतं. हॉलमध्ये ३० मिलिअँपची आरसीसीबी (फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही की वीज तोडणारा मेन बोर्डातला स्विच) लगेच पडली, फ्रिजच्या पॉइंटवर पडेना. म्हणून त्याने प्लेट काढली. आत अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत बोटभर काळी वायर. अर्थची हिरवी वायर नाहीच! दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची दोन तारांची वायरिंग अजून सापडते, तुमचं स्वयंपाकघर त्यातलंच. कुणीतरी कधीतरी ‘अर्थिंग करून दिलं’ म्हणून पैसेही घेतले असतील.

करंट फेजने गेला आणि त्या तुकड्यातून न्यूट्रलनेच परत आला, तर आरसीसीबीचा हिशेब जुळतो, ती कशाला पडेल? उद्या मागचा एखादा न्यूट्रलचा जोड सैल झाला की फ्रिज बंद पडेल, पण स्विच चालू असेल तर फेज फ्रिजमधून फिरून त्या तुकड्यावाटे फ्रिजच्याच पत्र्यावर येईल. ओल्या हाताने दार उघडणाऱ्याला तो लागेल. तेव्हा आरसीसीबी पडेलही, पण झटका बसल्यावर.

वॉशिंग मशीनच्या पॉइंटला स्विच न्यूट्रलवर होता, म्हणजे स्विच बंद केला तरी सॉकेटमध्ये फेज जिवंत. तो तिथल्या तिथे फेजवर घेतला. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत, बिल बघा.

आता त्या पाच मिनिटांच्या दुरुस्तीचं. नवी वायर न ओढता तो पॉइंट चालू झाला आणि टेस्टरवर पुन्हा सगळं बरोबर दिसत असेल, तर तुकडा परत बसला, दुसरं काही नाही. मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची हिरवी वायर ओढायची आहे. माझ्याकडून घ्या नाहीतर कुणाकडूनही, पण तोवर तो स्विच बंद ठेवा आणि फ्रिज हॉलमध्ये चालवा. आज सातनंतर दुकान बंद करून मी स्वतः येतो. प्लेट तुमच्यासमोरच उघडू.